चांदणी का लुकलुकते?

(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



थंडीचे दिवस आहेत. दिवसभर रानात राबून तुम्ही इथे देवळाच्या ओवरीत येता आणि पाटी-पुस्तक उघडता. याचे मला मोठे कौतुक वाटते. आज पुस्तक जरा बाजूला ठेवू. आज आभाळाकडे बघू.

त्याचे कारण असे. मागच्या आठवड्यात वर्ग सुटला. सगळे घोंगड्या पांघरून घराकडे निघाले. तेवढ्यात एक वहिनी थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, काल माझ्या धाकटीनं मला विचारलं, आई, चांदणी अशी डोळे का मिचकावते? मला काही सांगता आलं नाही. मी म्हटलं, झोप आता गप. ती झोपली, पण मग मलाच झोप येईना. का हो लुकलुकते चांदणी?"

मागे उभे असलेले दोघे-चौघे हसले. एक दादा म्हणाले, "चांदणीच ती! लुकलुकणार नाही तर काय करणार?"

मला मात्र हसू आले नाही. का, ते सांगतो. एका रात्री माझ्या घरात या प्रश्नाचे उत्तर कुणालाच ठाऊक नव्हते. त्यापायी आमचे फार नुकसान झाले. ती गोष्ट आधी ऐका.

१९७२ साल होते. मोठ्या दुष्काळाचे साल. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मार्गशीर्ष महिना चालू होता. माझी धाकटी काकू अडली होती. सकाळपासून कळा येत होत्या. दिवस मावळला तरी सुटका होईना. शेवटी सुईण बाहेर आली. कपाळाचा घाम पुसून म्हणाली, "माझ्या हातचं काम ऱ्हायलं न्हाई. तालुक्याच्या दवाखान्यात न्या. आत्ता न्या."

काकांनी बैल जुंपले. गाडीत कडबा पसरला. वर दोन गोधड्या टाकल्या. तालुका आमच्या गावाच्या पूर्वेला. चार कोसांची वाट.

तेवढ्यात आजी अंगणात आली. समोर पूर्वेला, टेकडीच्या अगदी माथ्यावर, एक मोठी चांदणी उगवली होती. ती नेहमीसारखी दिसत नव्हती. घटकेत तांबडी व्हायची, घटकेत हिरवी, मधेच निळी. नुसती थरथरत होती. फुंकणीने निखारा फुलवावा तशी.

आजी जागच्या जागी उभी राहिली. म्हणाली, "थांबा. आज ती चांदणी धड न्हाई. तिच्या तोंडावर गाडी घालू नगा. शांत झाली की मग निघा."

आजीचा शब्द आमच्या घरात कुणी मोडत नसे. काका गाडीच्या साटीला धरून उभे राहिले. बैल जुंपलेले तसेच. आतून काकूचे कण्हणे ऐकू येत होते. मी ओसरीच्या पायरीवर बसून त्या चांदणीकडे बघत होतो.

असे दोन तास गेले. चांदणी हळूहळू वर चढली. तिचा तांबडा-हिरवा रंग गेला. ती पांढरी झाली. थरथर कमी झाली. आजीने हात जोडले आणि म्हणाली, "आता न्या."

गाडी निघाली. मध्यरात्रीनंतर दवाखान्यात पोचली. काकू वाचली. मूल गेले.

डॉक्टर एवढेच म्हणाले, "दोन तास आधी यायचं होतं."

मंडळी, दोन तास आधी गेलो असतो तर मूल नक्की वाचले असते, असे मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ते दोन तास आमच्या हातात होते, आणि ते आम्ही घालवले. आजीलाही मी दोष देत नाही. तिने सुनेच्या भल्यासाठीच गाडी थांबवली. ती चांदणी तशी का दिसते, हे तिला कुणी कधी सांगितलेच नव्हते.

म्हणून आज आपण तीन गोष्टी बघू. चांदणी का लुकलुकते? ती तांबडी-हिरवी का झाली? आणि वर चढल्यावर शांत का झाली?

आधी तुम्ही सांगा, तुम्हाला काय वाटते?

आबा म्हणतात, "वाऱ्यानं दिव्याची ज्योत हलते, तशी चांदणी हलत असंल." आणि ते दादा म्हणतात, "आपलीच नजर दुबळी. लांबचं बघताना डोळा थरथरतो."

दोन्ही विचार चांगले आहेत. दादांसारखाच विचार ग्रीस देशात एका मोठ्या पंडिताने केला होता. त्याचे नाव ॲरिस्टॉटल. त्याला होऊन आता तेवीसशे वर्षांवर झाली. तो म्हणे, तारे फार लांब आहेत, आपली नजर तिथवर पोचता पोचता थरथरते. पण पुढे कळले की नजर डोळ्यातून बाहेर जात नाही. उजेड बाहेरून डोळ्यात येतो, तेव्हा आपल्याला दिसते. अंधाऱ्या खोलीत डोळे कितीही ताणले तरी काही दिसत नाही, ते यामुळेच. तेव्हा दोष नजरेचा नाही.

आता आबांचे म्हणणे. तारा म्हणजे दिवा नव्हे. प्रत्येक तारा हा एक सूर्य आहे. आपल्या सूर्यासारखाच धगधगता. कुणी आपल्या सूर्याहून मोठा, कुणी लहान. फार लांब आहे म्हणून ठिपक्याएवढा दिसतो.

लांब म्हणजे किती लांब? उजेड सगळ्यात वेगाने धावतो. एका सेकंदात तो सुमारे ३,००,००० किलोमीटर जातो. म्हणजे तुम्ही "एक" म्हणेपर्यंत पृथ्वीला सात फेऱ्या घालण्याइतके अंतर. आपला सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांच्या वर थोडा वेळ लागतो.

आणि आमच्या अंगणातून दिसलेली ती चांदणी? तिचे नाव व्याध. रात्रीच्या आभाळातल्या ताऱ्यांत ही सगळ्यात तेजस्वी. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. ज्या दिवशी मूल जन्मते, त्या दिवशी तो उजेड तिथून निघाला असे समजा. तो आपल्या अंगणात पोचेपर्यंत ते मूल तिसरीच्या वर्गात बसलेले असते.

आता जरा विचार करा. तांबडा-हिरवा होण्याचा दोष त्या ताऱ्याचा असता, तर तो सगळीकडून तसाच दिसायला हवा होता. पण आपल्याकडे व्याध उगवत असतो, तेव्हा ऑस्ट्रेलिया देशाच्या पूर्वेकडच्या भागात तो जवळजवळ डोक्यावर आलेला असतो. तिथल्या माणसाला तो त्याच वेळी पांढरा आणि बराचसा शांत दिसतो. तारा एकच आणि वेळही तीच. मग फरक कुठे पडला? ताऱ्यात नाही पडला. वाटेत पडला.

वाटेत काय आहे? ताऱ्यापासून पृथ्वीपर्यंत बहुतेक सगळी पोकळी आहे. तिथे वारा नाही, धूळ नाही म्हटले तरी चालेल. उजेड तिथून सरळ येतो. मग अगदी शेवटी, पृथ्वीजवळ, त्याला हवा लागते. पृथ्वीभोवती हवेचे पांघरूण आहे. त्यातली बहुतेक हवा जमिनीपासून दहा-बारा किलोमीटरांच्या आतच असते. साडेआठ वर्षे सरळ आलेला उजेड गावाच्या वेशीत येऊन अडखळतो म्हणा ना!

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हवा तर दिसतही नाही. ती उजेडाला कशी अडखळवील?"

याचे उत्तर तुमच्या घरातच आहे. बायामाणसांना विचारा. चूल पेटलेली असते. चुलीच्या वरून पलीकडच्या भिंतीकडे बघा. फळीवरचे डबे हलल्यासारखे दिसतात. डबे हलतात का? नाही. गुऱ्हाळावर गेला असाल, तर पेटलेल्या चुलाणाच्या वरून पलीकडच्या माणसाकडे बघितले असेल. तो माणूस पाण्यात उभा असल्यासारखा हलतो. चैत्र-वैशाखात भर दुपारी तापलेल्या रानाकडे बघा. लांबची बाभळ थरथरते. वारा पडलेला असला तरी थरथरते.

हे कशाने होते? गरम हवा पातळ असते. थंड हवा दाट असते. उजेड पातळ हवेतून दाट हवेत शिरला की जरासा वाकतो. दाट हवेतून पातळ हवेत गेला की पुन्हा जरासा वाकतो. चुलीवर गरम आणि गार हवा सारखी घुसळत असते. म्हणून उजेडाची वाट सारखी बदलते, आणि आपल्याला डबे हलताना दिसतात.

उजेड वाकतो हे खरे वाटत नसेल, तर घरी जाऊन एक प्रयोग करा. एक खोलगट भांडे घ्या. तळाशी एक रुपया ठेवा. भांड्याकडे बघत हळूहळू मागे सरा. भांड्याच्या काठाआड रुपया दिसेनासा झाला की तिथेच थांबा. आता घरातल्या कुणाला तरी भांड्यात हळूच पाणी ओतायला सांगा. तुम्ही जागचे हलू नका. पाणी भरले की रुपया पुन्हा दिसायला लागेल. रुपया हलला नाही, तुम्ही हलला नाहीत. मग दिसला कसा? पाण्यातून हवेत येताना उजेड वाकला आणि तुमच्या डोळ्यात आला. पाण्यात तो पुष्कळ वाकतो. हवेत अगदी थोडा वाकतो. पण चांदणी लुकलुकायला तेवढे पुरते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. नीट ध्यान द्या.

ओढ्याचे पाणी नितळ असते, तेव्हा तळाच्या वाळूवर उन्हाची जाळी हलताना तुम्ही बघितली असेल. उजेडाच्या रेघा आणि मधे काळसर पट्टे. सारखे सरकत असतात. पाण्यावरच्या लाटा उजेडाला इकडे-तिकडे वाकवतात. कुठे उजेड गोळा होतो, तिथे रेघ चकाकते. कुठे उजेड कमी पडतो, तिथे पट्टा काळसर दिसतो.

आपणही अशाच एका तळ्याच्या तळाशी राहतो. ते हवेचे तळे आहे. आपल्या डोक्यावर गरम आणि गार हवेच्या लहान-मोठ्या लाटा सारख्या वाहत असतात. त्यांतून ताऱ्याचा उजेड खाली येतो, तेव्हा जमिनीवर त्याचीही अशीच जाळी पडते. ती फार फिकी असते, म्हणून आपल्याला दिसत नाही. पण ती आपल्या डोळ्यांवरून सरकत असते. डोळ्याची बाहुली केवढी? ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडीच मोठी. तिच्यावर उजेडाची रेघ आली की चांदणी चमकते. काळसर पट्टा आला की चांदणी मंदावते. एका सेकंदात असे कितीतरी वेळा होते. यालाच आपण म्हणतो, चांदणी लुकलुकली.

म्हणजे चांदणी जागच्या जागी शांत असते. थरथरते ती मधली हवा.

आता कुणी हुशार माणूस विचारील, "मग शुक्राची चांदणी का लुकलुकत नाही?"

खरे आहे. पहाटे मोटेवर जाणाऱ्या जुन्या माणसांना शुक्राची चांदणी चांगली ओळखीची होती. ती शांत तेवते. गुरूही तसाच शांत दिसतो. शुक्र, गुरू हे तारे नव्हेत. ते ग्रह आहेत. आपल्या पृथ्वीसारखे तेही सूर्याभोवती फिरतात. त्यांना स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा उजेड त्यांच्यावर पडतो आणि ते चमकतात. ताऱ्यांच्या मानाने ते आपल्या फार जवळ आहेत. म्हणून लहान दुर्बिणीतूनही गुरू वाटोळ्या टिकलीसारखा दिसतो. तारा तसा दिसत नाही. तो ठिपकाच राहतो.

याने काय फरक पडतो? पत्र्याचे छप्पर आठवा. पावसाचे चार थेंब पडतात, तेव्हा टप... टप टप... असा तुटक आवाज येतो. पण धो-धो पाऊस लागला की एकसारखा आवाज येतो. थेंब तेच. पण हजारो थेंब एकदम पडतात. एक थांबतो तोवर दुसरा पडतो. तसेच ग्रहाचे आहे. ग्रह म्हणजे जवळजवळ असलेल्या पुष्कळ ठिपक्यांची टिकली. एका ठिपक्याचा उजेड मंदावला तर त्याच क्षणी शेजारच्याचा वाढतो. सगळे मिळून उजेड सारखा राहतो. तारा एकटा ठिपका. त्याला सांभाळून घ्यायला शेजारी कुणी नाही. म्हणून तो लुकलुकतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. ग्रहही अगदी क्षितिजाजवळ असला की थोडा थरथरतो. कारण तिथे हवा फार आडवी येते.

आता आमच्या अंगणातल्या चांदणीकडे परत येऊ. ती तांबडी-हिरवी का झाली?

समजा, तुम्हाला नांगरलेले शेत ओलांडायचे आहे. शेत लांबट आहे. रुंदीच्या बाजूने गेलात तर थोडी ढेकळे तुडवावी लागतात. लांबीच्या बाजूने गेलात तर ढेकळेच ढेकळे. तारा डोक्यावर असतो, तेव्हा त्याचा उजेड हवेतून सरळ खाली येतो. वाट थोडी असते. तारा क्षितिजाला टेकलेला असतो, तेव्हा उजेड हवेतून तिरका, लांबच लांब येतो. डोक्यावरच्या ताऱ्याच्या उजेडाला जेवढी हवा लागते, तिच्या तीसपटीहून अधिक हवा त्याला लागते. म्हणून उगवता तारा जास्त थरथरतो.

आणि रंग? पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. इंद्रधनुष्यात ते सुटे झालेले दिसतात. हवेत शिरल्यावर प्रत्येक रंग सारखा वाकत नाही. निळा थोडा जास्त वाकतो, तांबडा थोडा कमी. म्हणून क्षितिजाजवळच्या ताऱ्याचे रंग किंचित वेगवेगळ्या वाटेने आपल्याकडे येतात. हवेची एक लाट येते, ती तांबड्याची वाट मोडते आणि हिरवा डोळ्यात येतो. दुसरी लाट हिरव्याची वाट मोडते आणि तांबडा येतो. व्याध फार तेजस्वी, म्हणून त्याचे हे रंग नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात. इतर ताऱ्यांचेही असेच होते, पण ते फिके असल्यामुळे आपल्या ध्यानात येत नाही.

मग तारा वर चढतो. मधली हवा कमी होते. रंग पुन्हा एकत्र येतात. तारा पांढरा दिसतो, शांत होतो. आमच्या घरी त्या रात्री हेच झाले. व्याध रागावला नव्हता, आणि शांतही झाला नव्हता. तो रोज तसाच उगवतो आणि तसाच वर चढतो. त्याच्या आधीच्या रात्री तसाच उगवला होता. पुढच्या रात्रीही तसाच उगवला. आमच्या घरी त्या दिवशी काळजी होती, म्हणून आम्ही त्याच्याकडे निरखून बघितले, एवढेच.

कुणी म्हणते, चांदण्या फार लुकलुकल्या म्हणजे पाऊस येणार. तेही तपासून घ्या. चांदण्या फार लुकलुकल्या तर एवढेच कळते की वरची हवा खवळलेली आहे. कुणाच्या घरी काय घडणार, हे त्यावरून कधीच कळत नाही.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही या हवेने छळले आहे बरं का. इंग्लंडमध्ये न्यूटन नावाचा थोर शास्त्रज्ञ होऊन गेला. १७०४ साली त्याने उजेडावर एक मोठा ग्रंथ छापला. त्यात त्याने लिहिले की ज्या हवेतून आपण तारे बघतो, ती सतत थरथरत असते. दुर्बीण कितीही चांगली केली तरी ही थरथर जाणार नाही. उपाय एकच. उंच डोंगराच्या माथ्यावर जावे, जिथे हवा निवांत असते.

आज शास्त्रज्ञ तसेच करतात. लडाखमध्ये हानले नावाचे गाव आहे. तिथल्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, आपल्या देशाची मोठी दुर्बीण आहे. आपल्या कळसूबाईच्या शिखराची उंची १,६४६ मीटर. त्याच्या अडीचपटीहून जास्त उंचीवर ही दुर्बीण आहे. आपल्या पुणे जिल्ह्यातही गिरवली येथे डोंगरावर दुर्बीण आहे. ती २००६ साली सुरू झाली.

काही ठिकाणी याहून नवल केले आहे. दुर्बिणीतला एक पातळ आरसा यंत्राने सारखा वाकवतात, एका सेकंदात शेकडो वेळा. हवेने उजेड जसा वाकडा केला, तसा आरसा उलटा वाकतो आणि उजेड पुन्हा सरळ करतो. आणि १९९० साली तर हबल नावाची दुर्बीण हवेच्या वर, जमिनीपासून पाचशे-सहाशे किलोमीटर उंच नेऊन सोडली. तिथे हवा जवळजवळ नाहीच. त्यामुळे तारे थरथरत नाहीत.

१९८४ साली आपले राकेश शर्मा अंतराळात गेले. २०२५ साली शुभांशु शुक्ला गेले. तिथे त्यांच्या आणि ताऱ्यांच्या मधे हवा नव्हती. तिथून बघितले तर तारे लुकलुकत नाहीत. व्याधही नाही. तो नुसता पांढरा, स्थिर ठिपका असतो.

आता तुम्हाला एक काम सांगतो. थंडीच्या रात्री पूर्वेकडे बघा. एका ओळीत तीन चांदण्या दिसतील. आपण त्यांना तिकांडे म्हणतो. जुनी माणसे म्हणत, तो मृगाला लागलेला बाण आहे. त्या तीन चांदण्यांची रेघ खाली क्षितिजाकडे वाढवा. पुढे मोठी तेजस्वी चांदणी लागेल. तोच व्याध. तो उगवताना बघा. रंग मोजा. मग जेवण करा, भांडी आवरा, आणि दोन तासांनी पुन्हा बाहेर येऊन बघा. मी सांगितले म्हणून मानू नका. स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग माना. मुलांनाही बरोबर घ्या.

शेवटी आजीची गोष्ट पुरी करतो.

मी पुढे शिकलो. कॉलेजात गेल्यावर मला हे सारे कळले. त्या वर्षी मार्गशीर्षात मी घरी आलो. आजी थकली होती. रात्री तिला अंगणात बाजेवर बसवले. भांड्यात रुपया ठेवून तिला पाण्याचा प्रयोग दाखवला. तिला मोठी गंमत वाटली. तेवढ्यात टेकडीवर व्याध उगवला. तसाच, तांबडा-हिरवा. मी तिला सगळे समजावून सांगितले. दोन तास आम्ही बसून राहिलो. व्याध वर चढला, पांढरा झाला.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे ती आपल्याकडं बघतबी नव्हती?"

मी म्हटले, "नाही आजी."

ती म्हणाली, "मंग म्या गाडी कशापायी थांबवली रं?"

मला काही बोलता आले नाही. मी तिचा हात हातात धरून बसलो. आत काकू भाकरी थापत होती. तिने ऐकले की नाही, मला ठाऊक नाही.

म्हणून सांगतो, वहिनी, तुमच्या मुलीला आज रात्री उठवून सांगितलेत तरी चालेल. तिला म्हणा, "चांदणी डोळे मिचकावत नाही. मधली हवा हलते." आणि तिने आणखी काही विचारले, तर तिला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर तसे सांगा. उद्या वर्गात या, आपण दोघे मिळून शोधू. याच्यासाठीच तर आपण अक्षरे शिकतो.

आणि घरात कुणी अडले, कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत दुखू लागले, तर आभाळाकडे बघत बसू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. गाडी बोलवा. गाडी यायला वेळ असेल तर जे वाहन हाताशी असेल ते घ्या. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते.

व्याध समोर तांबडा-हिरवा दिसला तरी खुशाल निघा. त्याच्या तोंडावरूनच वाट जात असेल, तर तिनेच जा.

रामराम.